टँकरच्या पाठीवरचे चार आकडे

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

सकाळी दहा ते एक जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या बाकावर गुडघे मुडपून बसलो. बावन्नाव्या वर्षी. आमच्या अपघात मदत पथकाला रसायनांच्या टँकरचा अपघात कसा हाताळायचा हे शिकवायला रुचिता मॅडम आल्या होत्या — खालापूरकडच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतात. पथक म्हणजे आम्ही चौदा जण. चौक-कर्जत रस्त्यावर काही उलटलं की फोन येतो आणि आम्ही धावतो. गजाची क्रेन, रत्नदीपचे हात, माझी जीभ. मी सेक्रेटरी, कारण तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा पथकात मी एकटाच.

मॅडमचं तीन तासांचं शिकवणं दोन शब्दांत — धावू नका. लांब थांबा. वारा पाठीवर घ्या. चढावर उभे राहा. टँकरच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो, तो दुर्बिणीतून वाचा आणि फोनवर सांगा. त्या नंबरावरून आत काय आहे ते कळतं. ते कळेपर्यंत पाणीसुद्धा मारायचं नाही. आणि किती लांब थांबायचं? हात ताठ करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. अख्खा टँकर अंगठ्याआड गेला तर अंतर बरोबर. बाहेर उरला तर मागे सरका.

गजा उठलाच. “मॅडम, मानूस आत तडफडत असल आन आमी लांबून अंगठा दाखवायचा?”

“हो. आणि नंबर वाचायचा. तुम्ही पडलात तर मागून येणाऱ्याला दोघांना उचलावं लागतं.”

सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. तीस वर्षं लोकांचे अंगठे कागदावर उठवून घेतोय, अंगठ्याचा हा उपयोग आजच कळला. रत्नदीप एकटा वहीत पाटीचं चित्र काढत होता. पोशीरचा पोरगा, तिशीला आलाय, विजेच्या खांबावर कंत्राटी वायरमन. “हसताय काय काका? आमच्यात पण हेच असतं. लाइन बंद हाय हे तपासल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाय.”

म्हटलं, तू लाव वहीला हात, मी साप्ताहिकातल्या माझ्या सदराला लावतो.

गुरुवार, २५ सप्टेंबर

साप्ताहिकात माझं सदर आलं. मथळा ‘अंगठेबहाद्दर’. रसायनांचा अपघात झाला की एक डोळा मिटून अर्धा किलोमीटर लांब उभ्या राहणाऱ्या नव्या शूरवीरांवर. गजाने टपरीवर मोठ्याने वाचून दाखवलं. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. लेखकाला आणखी काय लागतं.

दुपारी रुचिता मॅडमचा मेसेज: ‘छान लिहिलंय. हसून झालं की परत एकदा वाचा. नियम तेवढे बरोबर उतरवलेत.’

ही बाई मला आवडत नाही. टोमणा मारणाऱ्याला कुणी टोमणा मारू नये.

रविवार, २८ सप्टेंबर

दसऱ्याला पथकाने काहीतरी करावं असं ठरलं. गजाचं म्हणणं फ्लेक्स लावू — त्यावर त्याचा फोटो, हे ओघाने आलंच. मी म्हटलं, तुझा फोटो बघून ड्रायव्हर घाबरतील आणि आपलंच काम वाढेल. शेवटी स्टिकर. मोठ्या गाड्यांच्या पाठीमागे, मागच्याला वाचता येईल असा. मजकूर माझा:

अंतर ठेवा. टँकर मालकाचा, जीव तुमचा.

कर्जतच्या छापखान्यात टाकून आलो. तो म्हणाला, साधा गम लावला तर चार दिवसांत कोपरे उचलतात. त्याला बजावलं, गाडी भंगारात गेली तरी स्टिकर निघता कामा नये, असला गम लाव. माझं वाक्य आहे ते.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सकाळपासून पेट्रोलपंपाजवळ उभे. गजा ड्रायव्हरांना आपट्याची पानं आणि पेढा देतोय, मी मागे जाऊन स्टिकर लावतोय. सगळ्या गाड्या न्हालेल्या, पुढे-मागे झेंडूच्या माळा. पण टँकरची पाठ कितीही धुतली तरी ऑइल राहतंच. सपाट, कोरडी जागा शोधावी लागते. सापडली की फडक्याने पुसायची, स्टिकर ठेवायचा आणि चारी कोपरे अंगठ्याने दाबायचे. पासष्ट गाड्या केल्या. अंगठा अजून दुखतोय.

रत्नदीप नव्हता. धम्मचक्र प्रवर्तन दिन, तो आणि त्याची बायको दीक्षा सकाळपासून विहारात. संध्याकाळी स्टिकरचा फोटो पाठवला तर म्हणाला, “वाक्य भारी काका. पन अंतर ठेवा म्हनायला तुमी मॅडमकडंच शिकलात ना?”

मंगळवार, ७ ऑक्टोबर

टँकर कलंडला. रत्नदीप पनवेलला दवाखान्यात. बाकीचं उद्या.

बुधवार, ८ ऑक्टोबर

नीट, क्रमाने लिहितो. अर्ज लिहितो तसं.

काल सकाळी सव्वादहाला फोन. वळणावर टँकर रस्ता सोडून बांधाला टेकलाय, पांढरा धूर निघतोय. मी पोचलो तेव्हा गजा, रत्नदीप आणि पथकातले पाचसहा जण आधीच होते. दोन्ही बाजूला पिवळं पडत आलेलं भात आणि मधोमध तो धूर — जमिनीला धरून सरकणारा, जड. ड्रायव्हर कमलेश आपल्या पायांनी बाहेर आला होता. हात मोडलेला, डोक्याला मार. काहीही विचारा, एकच उत्तर: “ॲसिड. ॲसिड.” कुठलं ते सांगायची शुद्ध नव्हती. गाडीचे कागद केबिनमध्ये, केबिन धुरात.

वारा आमच्याकडून पलीकडच्या वाडीकडे. चाळीस घरं.

मॅडमना फोन लावला. त्या निघाल्या होत्या, पोचायला पाऊण तास. “नंबर द्या. नंबर मिळेपर्यंत पाणी मारू नका, काही ॲसिडं पाण्यानं उलट भडकतात. वाडी किती लांब न्यायची तेही मी नंबराशिवाय सांगू शकत नाही.” इकडे ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर येऊन उभा. लोक ओरडतायत, मारा पाणी, बघताय काय. गजा त्याच्यापुढे हात पसरून उभा. “थांब रं! कोनी पाइप उघडला तर मी त्याला उघडीन.”

टँकरची एक बाजू बांधात रुतलेली, दुसरी धुरात. तिथल्या पाट्या गेल्या. फक्त पाठ आमच्याकडे. दुर्बीण माझ्या हातात होती. पाटी दिसत होती, पण तिच्यावर झेंडूची सुकलेली माळ आडवी आलेली. एकही आकडा दिसेना.

गजाने विचारलं, “आता?”

आणि मी — सवयीने, जीभ माझ्याआधी चालते — म्हटलं, “आता काय, अंगठेबहाद्दरांनी पुढं व्हावं.”

दोघेतिघे हसले. रत्नदीप हसला नाही. त्याने मूठभर सुकं गवत उडवून वारा बघितला आणि माझ्याकडून फोन घेतला. मॅडम फोनवर नाही म्हणत होत्या, मला ऐकू येत होतं. तो म्हणाला, “मॅडम, वारा पाठीवर हाय. जाऊन माळ ओढायची, नंबर बघायचा आन यायचं. दहा सेकंदाचं काम हाय. पलीकडं चाळीस घरं हायत.” फोन माझ्या हातात दिला आणि गेला.

दुर्बिणीतून सगळं बघितलं. वाकून गेला. माळ एका झटक्यात ओढून काढली. मग परत यायला हवं होतं. आला नाही. तिथेच वाकून दोन्ही हातांनी काहीतरी करत होता. खरवडत होता. त्याच्या पाठीआड पाटी झाकलेली, मला वाटलं चिखल असेल. “ये रं!” गजा बेंबीच्या देठापासून ओरडत होता. दहा सेकंद गेले. वीस. मग वारा पडला आणि लगेच उलटा फिरला, आणि पांढऱ्यात तो दिसेनासा झाला.

किती वेळ ते माहीत नाही. गजा म्हणतो अर्धा मिनिट. बाहेर आला तो खोकत, डोळे मिटलेले, तोंडात आकडे. एक, सात, पाच, चार. एक, सात, पाच, चार.

मॅडमना सांगितले. पलीकडून एका दमात: क्लोरोसल्फोनिक ॲसिड, टँकरवर पाण्याचा थेंब नाही, पाण्याची गाडी आत्ताच्या आत्ता मागे घ्या, कोरडी माती आणा, वाडी वाऱ्याच्या आडव्या बाजूने वर टेकडीवर न्या. पाणी मारलं असतं तर काय झालं असतं ते नंतर सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

वाडी रिकामी झाली. गौराबाई कोंबड्यांशिवाय निघेना, म्हणून गजाने टोपलीत सात कोंबड्या आणि खांद्यावर गौराबाई नेली. ती त्याला वाटभर शिव्या देत होती. सगळे वाचले. कोंबड्यासुद्धा.

आता पुढचं. मॅडम फोनवर ओरडत होत्या, त्याचे कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, लगेच दवाखान्यात न्या. आम्ही काय केलं? सरपंचबाईंचे यजमान कुठून तरी शाल-श्रीफळ घेऊन आले. त्याच कपड्यांवर शाल पांघरली, हातात नारळ दिला, फोटो काढला. कपडे काढायचं मी एकदा बोललो तर म्हणाले, चारचौघांत, बायामाणसांपुढं, पोराची शोभा करता का? मी गप्प बसलो. मी! रत्नदीप म्हणाला, “काय नाय काका, जरा ठसका लागला.” चहा प्यायला. मॅडम आल्या तेव्हा त्यांनी आधी शाल ओढून फेकली, मग भर रस्त्यात त्याला पाण्याच्या गाडीखाली उभा केला. कपडे दोन पिशव्यांत बांधले. मग कोण काय म्हणतं ते त्यांनी ऐकलं नाही.

लगेच दवाखान्यात चल म्हणाल्या. तो म्हणाला, बरा हाय, जेवून जातो. आम्हीही म्हटलं, बरा आहे की. पाच वाजता घरी त्याला श्वास घेता येईना.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पनवेल. श्वासाची नळी घातली आहे. हा धूर आधी काही दाखवत नाही, मग काही तासांनी छातीत पाणी भरतं, असं डॉक्टर म्हणाले. नंबर कळला म्हणून उपचार तरी नेमके सुरू झाले. किती वेळ धुरात होता, कसा सापडला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “दहा सेकंदांत परत आला असता तर धूर त्याच्यापर्यंत पोचलाच नसता.”

दीक्षा भिंतीला टेकून उभी. रडत नव्हती. मला म्हणाली, “काका, हे टेस्टर लावल्याशिवाय घरातल्या बटणाला हात लावत नाहीत. पंख्याचं बटण हो. असा माणूस तिथे इतका वेळ काय करत होता?”

“चिखल असेल बाई.”

“आठ दिवस पाऊस नाही इकडे.”

खालच्या टपरीवर चहा घेतला आणि तो तसाच टाकून आलो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

फरक नाही.

तहसीलकडून पत्र. पथकाच्या सेक्रेटरीने अपघाताचा अहवाल द्यावा, ‘जखमी स्वयंसेवक सूचना डावलून धोक्याच्या जागी का थांबला’ याच्या खुलाशासह. शब्द बघा — डावलून, का थांबला. उत्तर प्रश्नातच लिहून पाठवलंय. त्याची चूक ठरली तर कंत्राटदार त्याला परत खांबावर घेणार नाही, हे दीक्षाने न विचारता सांगितलं.

गजा म्हणतो, “लिही का घाबरून गोंधळला.” गजा, तो आपल्या चौदांत एकटाच न गोंधळलेला होता.

मग डोकं फिरलं आणि अहवालाऐवजी सदर लिहायला बसलो. कुणाची तरी चूक हवीच ना, मग ती माळ घालणाऱ्याची. मथळा: ‘देवाला दिसला, माणसाला नाही’. आत काय आहे हे जगाला कळावं म्हणून सरकार पाटी लावायला लावतं आणि आमचा भाविक ड्रायव्हर तिच्यावर झेंडू चढवतो. चार आकड्यांवर हळदकुंकू, आणि ती भक्ती उचलायला गेलेला पोरगा नळीवर. झकास उतरलं. वाचताना माझेच डोळे भरले. असे डोळे भरले की समजावं, लेखक स्वतःवर खूश आहे. हे तेव्हा समजायला हवं होतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सदर छापून आलं. सकाळपासून फोन. कोंडाण्याच्या कुणा अनोळखी मास्तरांनी शाळेत वाचून दाखवलं म्हणे. ‘अंगठेबहाद्दर’पेक्षा जास्त गाजलं.

मॅडमचा मेसेज नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज टेबलासमोर एक माणूस येऊन बसला. उजवा हात प्लास्टरमध्ये. कमलेश. मला ओळखलं नाही. अपघाताच्या दिवशी तो कुणालाच ओळखत नव्हता.

“साहेब, अर्ज लिहायचा. हात असा, नायतर मीच लिहिला असता. मराठी येतं मला, वीस वर्षं खोपोलीत आहे.” खिशातून माझ्या सदराचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. “हे वाचून मालकाने काल संध्याकाळी मला काढून टाकलं. लिहा ना साहेब, परत घ्या म्हणून.”

“माळ तुम्हीच घातली होती ना?”

“मीच. पण वर शिडीला. नंबरावर कोण घालेल? आमच्यात ज्याला नंबर कळत नाही त्याला गाडी देत नाहीत. गाडी कलंडली तेव्हा सुटली असेल, घसरली असेल. हा जो कोण लेखक आहे, एक फोन करून विचारला असता तर सांगितलं असतं.” मग कात्रणाकडे बघून: “लिहिलंय मात्र भारी. माझ्या बायकोला पण हसू आलं, मग रडली.”

अर्ज लिहिला. आजवर लिहिलेल्यांत सगळ्यात चांगला. ‘तो लेखक मी’ हे वाक्य तोंडात तीनदा आलं. तीनदा गिळलं. त्याने जाताना डाव्या हाताने नमस्कार केला.

बायको रात्री म्हणाली, जेवत का नाही? म्हटलं, पोट भरलंय.

रविवार, १९ ऑक्टोबर

मॅडमकडे गेलो. सांगितलं कमलेशचं. त्या म्हणाल्या, “माळ काढायला किती वेळ लागला?”

“एक झटका.”

“मग तुम्ही माळेवर का लिहिलंत? तो माळेसाठी थांबलाच नव्हता.”

दीक्षाचाच प्रश्न. साधा, पहिलीच्या बाकावरचा. मी तो दहा दिवस वळसे घालून टाळला, कारण माळेवर चांगलं लिहिता येत होतं. विचारलं, पाटीवर आणखी काय असेल? त्या म्हणाल्या, टँकर ॲसिडने जळून काळा पडलाय, आता त्याच्यावर काहीच वाचता येत नाही. “सांगेल तो एकटा रत्नदीप.”

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

नळी काढली. स्वतः श्वास घेतोय. दीक्षाने फोनवर फक्त तो श्वास ऐकवला. मी ऐकला.

बुधवार, २२ ऑक्टोबर

कमलेशच्या मालकाला फोन केला. म्हटलं, तो लेखक मी, माझी चूक झाली, माळ शिडीला होती, पुढच्या अंकात तसं छापतो. तो म्हणाला, छापा, मग बघू. मग कमलेशलाही फोन केला. तो म्हणाला, “तरीच अर्ज एवढा चांगला झाला.”

अहवाल अजून कोरा. ‘का थांबला’ याच्यापुढे जात नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज बोलला. आवाज नाही, नुसती फुंकर. दीक्षा डबा धुवायला गेली तेव्हा खुणेने मला जवळ बोलावलं.

“माळ निघाली काका. खाली तुमचा स्टिकर व्हता. बरोबर नंबरावर.” थांबला, श्वास घेतला. “नखानं निघंना. गम मात्र एक नंबर आनलात.” आणि हसला. खरंच हसला. “कोनाला नाय सांगितलं. सांगनार बी नाय.”

दीक्षा आली. डबा पुसत विचारलं, “काय म्हणतायत?”

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली — नको.

मी सांगितलं.